मिनिटाला तीन मिलिमीटर

बाईंच्या दुकानाचं शटर वर जायचं आणि त्याच क्षणी आतली भिंतीवरची अकरा घड्याळं एकदम नवाचे टोले द्यायला लागायची. कधी मागे नाही, कधी पुढे नाही. त्यावरून गल्लीनं त्यांचं नाव टोलेबाई ठेवलं. बाई बोलायला तिखट आहेत म्हणून ते नाव जास्त चिकटलं असंही म्हणणारे आहेत, पण ते बाईंच्या पाठीमागे म्हणतात. समोरच्या शाळेचा शिपाई घंटेची दोरी हातात धरून बाईंच्या शटरकडे बघत उभा असायचा. शाळेत घड्याळ नव्हतं असं नाही. शिपायाचा त्या घड्याळावर विश्वास नव्हता, एवढंच.

वडलांकडून बाईंना तीन गोष्टी मिळाल्या: हत्यारांची पेटी, चावीचं एक मनगटी घड्याळ आणि अर्धशिशी. वडील घड्याळजी होते. बाई नऊ वर्षांच्या असताना वडलांनी त्यांना शेजारी बसवून पहिला स्क्रू काढायला लावला, आणि तो स्क्रू उडून कुठे गेला ते आजतागायत कोणाला कळलेलं नाही. आता बाई बावन्न वर्षांच्या आहेत. डोळ्याला भिंग लावून, हातात चिमटा धरून त्या बसल्या की बघणाराही श्वास रोखून धरतो.

वडलांचा एक नियम होता, आणि बाईंनी तो काळ्या दगडावरची रेघ मानला: दुकानात चुंबक येता कामा नये. घड्याळाच्या पोटात केसापेक्षा बारीक अशी एक गुंडाळलेली स्प्रिंग असते, तिला हेअरस्प्रिंग म्हणतात. तिच्या आखडण्या-उलगडण्यावर सगळा काळ चालतो. तिला चुंबक लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड पडते आणि घड्याळ सुसाट पुढे पळायला लागतं. बाई गिऱ्हाइकाची पर्ससुद्धा काउंटरवर ठेवू देत नसत, कारण तिच्या बटणात चुंबक असतं.

आणि अशा बाईंनी लग्न कोणाशी करावं? तर लाउडस्पीकर दुरुस्त करणाऱ्या माणसाशी. त्यांचं दुकान चार घरं सोडून पलीकडे. आत भिंतभर भोंगे, आणि प्रत्येक भोंग्याच्या बुडाशी बशीएवढं चुंबक. गल्ली त्यांना भोंगेवाले म्हणते. चोवीस वर्षं संसार झाला, पण भोंगेवाल्यांना बायकोच्या दुकानात पाऊल टाकायची परवानगी नव्हती. डबा द्यायला आले तर उंबऱ्याबाहेरून हात लांब करायचा. "माझ्या खिशात चुंबक नाही गं," असं ते दरवेळी सांगत, आणि दरवेळी एखादं निघे. बाई तर त्यांच्या दुकानाकडे फिरकतही नसत.

आता तिसऱ्या वारशाबद्दल. लोक डोळ्यांपुढे काजवे चमकले असं सहज म्हणून जातात. बाईंच्या डोळ्यांपुढे ते खरोखरच चमकायचे. काम चालू असताना, अगदी स्क्रूच्या माथ्याजवळ, नजरेत एक चकाकणारा ठिपका उगवायचा. तो वाढत वाढत करवतीच्या दात्यांसारखी एक झळझळती कमान व्हायचा, आणि ती कमान हळूहळू बाहेर सरकत जायची. तिच्या आतलं काही दिसत नसे. हातात चिमटा आहे हे कळायचं, पण चिमट्याचं टोक जगातून नाहीसं झालेलं असायचं. बाई मुकाट्यानं उघड्या घड्याळावर काचेचं झाकण ठेवत, शटर अर्धं खाली ओढत आणि टेबलामागे फरशीवर आडव्या होत. बावीस मिनिटांनी उजेड जायचा आणि दुखणं यायचं. अर्धं डोकं कोणीतरी पकडीत धरून पिळल्यासारखं, मग ओकाऱ्या, मग दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नुसता माणसाचा चोथा. बाबाही असेच, याच फरशीवर पडून राहायचे.

पूर्वी हे महिन्यातून एकदा व्हायचं. गेल्या तीन वर्षांत ते सातवर गेलं. औषधं झाली. त्यांतल्या एकानं डोकेदुखी खरंच थांबली, पण बाईंची बोटं थरथरायला लागली. बाकी कोणाचं त्यात फारसं बिघडलं नसतं. भोंगेवाल्यांनी तर चहाच्या कपात साखर आपोआप ढवळली जाते म्हणून थट्टाही करून पाहिली. पण त्याच आठवड्यात एका म्हाताऱ्या शिक्षकांच्या घड्याळाची हेअरस्प्रिंग बाईंच्या चिमट्यात वाकली, आणि तेव्हापासून घरात थट्टा बंद झाली. दुसरं औषध आणलं, त्यानं बोटांना मुंग्या यायच्या. डोकं वाचवावं तर हात जातात आणि हात वाचवावेत तर डोकं. बाईंनी हात वाचवले.

सगळ्यात जास्त त्यांना काय लागलं असेल, तर पावती. काम घेतलं की बाबा पावतीवर तारीख आणि वेळ लिहीत. 'गुरुवार, सकाळी अकरा.' अकरा म्हणजे अकरा. बाईंनी तीन वर्षांत पावतीवर वार लिहिला नव्हता. 'कळवू' असं लिहीत. काळ दुरुस्त करून देणाऱ्या बाईला स्वतःचा गुरुवार सांगता येऊ नये, याची त्यांना मनापासून शरम वाटायची.

शेवटी त्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या घड्याळजीला बोलावून सांगितलं, "माझ्याकडे एकेचाळीस घड्याळं पडलीत. ती उरकली की दुकान बंद. तीन महिने लागतील. तिसऱ्या महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दहा वाजता या आणि बाबांची हत्यारं घेऊन जा. भंगारात जाण्यापेक्षा कामाच्या माणसाकडे गेलेली बरी."

तो माणूस अबोल. "बरं," एवढंच म्हणाला. पण जाताना त्यानं पेटीकडे असं पाहिलं, की बाईंनी तोंड फिरवलं.

एकेचाळीस घड्याळं तरी हातून नीट व्हावीत, म्हणून भोंगेवाले बाईंना मेंदूच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. डॉक्टर वयानं बाईंच्या लेकीएवढी असेल. बाईंनी तिच्यापुढे एक वही ठेवली. तीन वर्षांतल्या प्रत्येक झटक्याची नोंद: उजेड कधी सुरू झाला, कधी संपला. बावीस मिनिटं, बावीस मिनिटं, एकवीस, बावीस. डॉक्टर पानं उलटत राहिली.

"काकू, एवढं नेमकं माझ्याकडे आजवर कोणी लिहून आणलं नाही," ती म्हणाली. "तुम्हाला दिसतो ना तो उजेड, तो डोळ्यात नसतो. मेंदूच्या मागच्या भागात, जिथे बघण्याचं काम चालतं, तिथे एक लाट उठते आणि ती मेंदूच्या पृष्ठभागावरून पुढे सरकत जाते. तुम्हाला जी कमान सरकताना दिसते, ती त्या लाटेचीच चाल."

"किती वेगानं?" बाईंनी विचारलं. दुसऱ्या कोणी हा प्रश्न विचारला नसता.

"अगदी हळू. मिनिटाला साधारण तीन मिलिमीटर."

बाईंनी मनातल्या मनात हिशेब केला. साध्या गजराच्या घड्याळाच्या मिनिटकाट्याचं टोक मिनिटाला जवळजवळ एवढंच सरकतं. एवढी वर्षं ज्याला त्या संकट म्हणत होत्या, शिव्या घालत होत्या, ते आत घड्याळाच्या काट्याच्या गतीनं चाललेलं होतं! त्यांच्या अंगावर काटा आला. दुखण्याबद्दल आदर वाटावा, हे त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं.

मग डॉक्टरनं कपाटातून एक यंत्र काढलं. दोन हातांनी धरायचं, मध्ये डोक्याच्या मागच्या बाजूला टेकवायला खोलगट जागा. "उजेड दिसायला लागला की हे इथे टेकवायचं आणि बटण दाबायचं. आत क्षणभर जोराचं चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते हाडातून पार होतं आणि त्या भागात अगदी लहानशी वीज उमटवतं. त्यानं लाट मोडते, असा अंदाज आहे. शिवाय रोज सकाळ-संध्याकाळ थोडे ठोके घ्यायचे, म्हणजे झटके कमी व्हायला मदत होते."

"चुंबक?" बाई खुर्चीसकट मागे सरकल्या. भोंगेवाले खिडकीबाहेर बघायला लागले, कारण त्यांना हसू आवरत नव्हतं.

डॉक्टरनं डोक्यात कुठे धातू आहे का, हृदयाला यंत्र बसवलंय का, कधी फीट आलीय का, सगळं विचारून घेतलं. मग स्पष्टच सांगितलं, "सगळ्यांना गुण येतो असं नाही. कोणाला चांगला येतो, कोणाला थोडा, कोणाला काहीच नाही. तीन महिने वापरून बघायचं. हात मात्र थरथरणार नाहीत."

शेवटच्या वाक्यावर बाई यंत्र घेऊन घरी आल्या.

पण ठेवायचं कुठे? दुकानात तर नाहीच नाही. घरात सात घड्याळं. राहता राहिली एकच जागा, जिथे चुंबकाचं भय नव्हतं. अशा रीतीनं टोलेबाई चोवीस वर्षांनी नवऱ्याच्या दुकानात शिरल्या. बाबांचं घड्याळ मनगटावरून उतरवून आधी घरी ठेवलं, मगच आल्या. भोंगेवाल्यांनी स्टूल पुसून दिलं.

"बसा बाईसाहेब. आमच्या दुकानात सगळ्यांना परवानगी आहे."

"तोंड आवरा आणि पंखा लावा."

यंत्र 'टक्' करायचं. बस. दुखणं नाही, झटका नाही, गरम नाही, गार नाही. एखादी डबी मिटल्यासारखा आवाज. बाईंना ते मुळीच पटलं नाही. जे काही करतं त्याचा काही तरी पुरावा दिसायला हवा, ही त्यांची कामातली सवय. "रिकामं डबडं आहे हो हे," त्या म्हणत, आणि तरी रोज दोन वेळा नेमानं टकटक करून येत, कारण नेम मोडणं त्यांच्या रक्तात नव्हतं.

पहिल्या महिन्यात झटके सात झाले. दुसऱ्यात पाच. भोंगेवाले खूश. बाई म्हणाल्या, "पाऊस थांबला म्हणून छत्रीला श्रेय देऊ नका." उजेड सुरू झाल्यावर त्या चार घरं चाचपडत यंत्रापर्यंत जायच्या, दोन ठोके घ्यायच्या. एकदा दुखणं आलंच. एकदा थोडं आलं. एकदा आलं नाही, पण यंत्रामुळेच आलं नाही हे कशावरून? इकडे एकेचाळीसातली तेवीस घड्याळं झाली होती आणि शनिवार जवळ येत होता.

तिसऱ्या महिन्यातल्या एका संध्याकाळी, सहाच्या सुमाराला, दुकान आवरताना ठिपका उगवला. बाई लगबगीनं निघाल्या, भोंग्यांच्या दुकानात स्टुलावर बसल्या, यंत्र डोक्यामागे टेकवलं. टक्. थोडं थांबून पुन्हा टक्. कमान थोडा वेळ झळझळली, मग तिचे दाते बोथट व्हायला लागले, आणि ती विरून गेली. बाई दुखण्याची वाट बघत बसल्या. भोंगेवाल्यांनी एका गिऱ्हाइकाबद्दल काहीतरी विनोदी सांगितलं, तेव्हा त्या हसल्या, घरी गेल्या, जेवल्या, झोपल्या.

सकाळी मनगटावरचं घड्याळ बघून बाई उठल्या, तर नवऱ्याच्या उशाचं घड्याळ वीस मिनिटं मागे. "तुमच्या घड्याळाला तुमची संगत लागली," असं म्हणून त्यांनी ते वीस मिनिटं पुढे करून ठेवलं, घरातल्या बाकीच्या घड्याळांकडे बघितलंही नाही. भोंगेवाले बिचारे अर्धवट झोपेत उठून दाढी करायला गेले. बाई दुकानाशी पोचल्या, मनगटावर नऊ बघितले आणि शटर वर ओढलं.

समोर शिपायानं शटर पाहिलं आणि घंटा दिली. रस्त्यात रमतगमत येणारी पोरं घंटा ऐकून पळत सुटली, एक मास्तर हातात अर्धा खाल्लेला पाव घेऊन धावताना दिसले, आणि फाटकाशी गोंधळ उडाला.

दुकानात मात्र काहीच झालं नाही. एकाही घड्याळानं टोला दिला नाही.

बाई दारात उभ्या राहिल्या. अकरा लंबक आपले शांतपणे हलत होते आणि अकराही घड्याळांत आठ वाजून अडतीस मिनिटं झाली होती. आता माणसाचं मन बघा. बाईंच्या मनात पहिला विचार आला तो असा, की अकराच्या अकरा घड्याळं बिघडली. बाबांचं घड्याळ चुकेल हे त्यांच्या डोक्यातच शिरेना. चाळीस वर्षांत ते दिवसाला चार सेकंदांपलीकडे कधी हललं नव्हतं.

मग त्यांनी खणातून लहानसं होकायंत्र काढलं. घड्याळाला चुंबक लागलंय का हे बघायची घड्याळजीची ही जुनी युक्ती. बाबांचं घड्याळ उतरवून त्यांनी त्याच्याजवळ होकायंत्र धरलं, आणि सुई गर्रकन फिरली.

बाईंनी मागचं झाकण उघडलं, डोळ्याला भिंग लावलं. हेअरस्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटून बसले होते.

काल संध्याकाळी घाईत घड्याळ उतरवायचं राहिलं होतं. यंत्र दोन्ही हातांत, डावं मनगट डोक्यामागे. बाईंनी हळूच आपल्या डोक्याच्या मागे हात नेला. म्हणजे त्या टक्‌मधून काहीतरी निघालं होतं. दिसलं नाही, लागलं नाही, पण ते मनगटावरच्या पोलादाच्या झाकणातून आत गेलं आणि केसाएवढ्या स्प्रिंगला हलवून आलं. आणि मनगट तर बाजूला होतं. त्याच्या वाटेत मधोमध होतं ते बाईंचं डोकं. तेच केसातून, कातडीतून, हाडातून आत गेलं होतं, मिनिटाला तीन मिलिमीटर सरकणाऱ्या त्या लाटेपर्यंत पोचलं होतं, आणि...

आणि काल डोकं दुखलं नव्हतं! त्या जेवल्या होत्या. हसल्या होत्या. तेरा वर्षांच्या वयापासून मागे लागलेलं दुखणं काल यायचं होतं, आलं नाही, आणि ते आलं नाही हे त्यांच्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. आजवर पुरावा मागत होत्या, तो बाबांच्या घड्याळानं दिला. बाईंना रडू कोसळलं. तोंडावर पदर दाबून त्या रडल्या.

डोळे पुसून त्यांनी कपाटातून चुंबक उतरवायचा डबा काढला. हेही एक अजब. चुंबक लागलेलं घड्याळ या डब्यावर धरायचं, बटण दाबायचं, म्हणजे डब्यात चुंबकीय क्षेत्र उलटसुलट नाचायला लागतं, आणि मग घड्याळ हळूहळू हातभर लांब न्यायचं. चुंबकानंच चुंबक उतरतं. तीस वर्षं बाई घड्याळांना हे औषध देत आल्या होत्या. आणि या कपाटाखालीच, हातभर अंतरावर, बाबा डोकं धरून फरशीवर पडायचे. त्या डब्याची ताकद माणसाच्या डोक्याला पुरणारी नव्हती, हे बाईंना ठाऊक होतं. तरी त्या कितीतरी वेळ कधी डब्याकडे, कधी फरशीकडे बघत राहिल्या. बाबा असते तर त्यांनी आधी यंत्र उघडून बघितलं असतं, आणि मग टोपी काढून हातात घेतली असती.

स्प्रिंगचे वेढे सुटले. घड्याळ पुन्हा शहाण्यासारखं चालायला लागलं. तेवढ्यात खरे नऊ वाजले आणि अकरा घड्याळांनी टोले दिले. शाळेच्या फाटकातून शिपाई बाईंकडे असा बघत होता, की जणू सूर्यच चुकून उगवला असावा.

"माझं चुकलं!" बाईंनी ओरडून सांगितलं. गल्लीनं हे शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकले.

ठरलेल्या शनिवारी बरोबर दहाला पलीकडच्या गल्लीतला घड्याळजी हातात मोठी रिकामी पेटी घेऊन हजर झाला. बाई शिक्षकांच्या त्या वाकलेल्या हेअरस्प्रिंगवर बसल्या होत्या. सगळ्यात अवघड म्हणून ती शेवटी ठेवली होती. शेवटचा वेढा तेवढा सरळ व्हायचा होता. त्या महिन्यात झटके तीनच आले होते, पण बाईंनी अजून मनाशी पक्कं काही केलं नव्हतं. तीन म्हणजे शून्य नव्हे. हत्यारं धरून ठेवायची आणि पुन्हा पावतीवर 'कळवू' लिहायचं, याची त्यांना धास्ती होती.

"बसा," त्या म्हणाल्या, आणि मान वर केली, तर त्याच्या कानाशी ठिपका उगवलेला.

नेमका आत्ता! बाईंनी स्प्रिंगवर काचेचं झाकण ठेवलं. मग त्या उठल्या, बाबांचं घड्याळ मनगटावरून सोडवलं आणि त्या माणसाच्या हातात दिलं.

"हे धरा. मी येते, तोवर किती वेळ होतो ते बघा."

त्यांनी शटर ओढलं नाही. भिंतीच्या आधारानं चार घरं गेल्या. भोंगेवाल्यांनी चेहरा बघूनच स्टूल पुढे केलं आणि चक्क गप्प राहिले. टक्. टक्. बाई डोळे मिटून बसल्या. डोळे मिटले तरी ती कमान दिसतेच. त्या सरकणाऱ्या कडेकडे त्या पहिल्यांदाच भीती सोडून, निरखून बघत होत्या. कडा सरकली, मंदावली, दाते झिजले. मग नुसता काळोख उरला, साधा, पापण्यांमागचा काळोख. बाईंनी आणखी थोडी वाट पाहिली. डोकं जागच्या जागी होतं.

परत येऊन त्या टेबलाशी बसल्या. काचेचं झाकण उचललं. भिंग लावलं, चिमटा घेतला. चिमट्याचं टोक दिसत होतं. घड्याळजी उभ्यानंच बघत होता. वेढा सरळ झाला, स्प्रिंग जागी बसली, आणि तिला जोडलेलं बॅलन्सचं चाक आपलं आपण मागेपुढे डोलायला लागलं.

"किती?" बाईंनी विचारलं.

"चौदा मिनिटं," तो म्हणाला, आणि दोन्ही हातांनी बाबांचं घड्याळ परत दिलं.

मग बराच वेळ तो हत्यारांच्या पेटीकडे बघत राहिला. आपली रिकामी पेटी त्यानं उचलली, तिच्या तळातून रुमालात गुंडाळलेलं एक लहानसं घड्याळ काढलं आणि बाईंपुढे ठेवलं.

"माझ्या आईचं आहे. हेअरस्प्रिंग गुंतलीय. दोन वर्षं धीर होत नाहीये. तुम्ही कराल का?"

बाईंनी ते भिंगाखाली बघितलं. पावतीपुस्तक पुढे ओढलं. पेन टेकवलं आणि क्षणभर तसंच धरून ठेवलं. मग लिहिलं: 'सोमवार, सकाळी नऊ.'

त्यानं पावती वाचली, नीट घडी घातली आणि दारात वळून विचारलं, "नऊ म्हणजे खरे नऊ ना? का परवाच्या शाळेचे?"

"शटरकडे बघत उभे राहा," टोलेबाई म्हणाल्या, "आणि टोले मोजा."